इंजिनापर्यंतची वाट

घाटमाथ्यावर एखादी मालमोटार बंद पडलेली दिसते. चाकांना दगडांच्या उट्या लावलेल्या असतात. मागून येणाऱ्या वाहनांस इशारा म्हणून रस्त्यावर झाडाची एक डहाळी टाकलेली असते. आणि पुढच्या बाजूस एक माणूस, एक पाय बंपरवर व दुसरा टायरवर ठेवून, कमरेपासून वरचा देह इंजिनाच्या पोटात घालून ओणवा झालेला असतो. पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, बेळगावमार्गे बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर किंवा इंदूरहून मुंबईकडे उतरणाऱ्या आग्रा रोडवर हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा प्रवासी विरळा. गाडी केव्हा हलणार आणि वाट केव्हा मोकळी होणार, एवढाच प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतो. त्या माणसाचा पाय कशावर टेकला आहे, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः त्या पायाखालच्या चार बोटे जागेला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे; आणि तो जितका यंत्रशास्त्राचा आहे तितकाच कायद्याचा आहे. मालमोटारीचे इंजिन कोठे ठेवावे हे कारखानदारांनी ठरविले, व्यापाऱ्यांनी ठरविले, सरकारांनी ठरविले. त्या इंजिनाला रोज हात घालणाऱ्या मेस्त्रीला मात्र हे कोणी फार उशिरापर्यंत विचारले नाही.

प्रारंभी विचारण्याचे कारणही नव्हते. जर्मनीत गॉटलीब डाइम्लर याच्या कारखान्याने १८९६ मध्ये जी पहिली मालमोटार विक्रीस काढली, ती पाहता घोडे सोडलेली घोडागाडीच वाटावी. दोन सिलिंडरांचे, चार अश्वशक्तीचे तिचे इंजिन गाडीच्या मागील भागी बसविलेले होते आणि त्याची शक्ती पट्ट्याच्या साह्याने मागच्या चाकांकडे जात असे. दीड टन माल वाहणारी ही गाडी इतकी बुटकी होती, की जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात इंजिनापर्यंत सहज पोचावा. दोनच वर्षांत, १८९८ मध्ये, डाइम्लरने इंजिन गाडीच्या पुढे आणले, आणि मालमोटारीला नाक आले. या नाकाला पुढे जगभर बॉनेट हे नाव रूढ झाले. त्याचे पत्रे मधल्या बिजागरीवर दोहों बाजूंनी फुलपाखराच्या पंखांसारखे उचलत. मेस्त्री चाकाच्या मागे, मडगार्डाशी उभा राही. पाय जमिनीवर आणि हात इंजिनात. ही सोय कोणी दयाबुद्धीने केलेली नव्हती. गाडीच लहान होती म्हणून ती आपोआप झाली होती. तशीच ती गाडी मोठी होताच आपोआप नाहीशीही झाली.

त्याच सुमारास एक निराळा विचार अमेरिकेत पुढे येत होता. ऑटोकार नावाच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अशी मालमोटार बनविली, की तिचे इंजिन चालकाच्या आसनाखाली होते. शहरातील अरुंद गल्ल्यांत आखूड गाडी चटकन वळते, आणि नाकासाठी खर्च होणारी लांबी मालाला मिळते, हे तिचे गुण. दुरुस्ती करावयाची तर आसन उचलावे, म्हणजे खाली इंजिन. दोन सिलिंडरांचे इंजिन असेपर्यंत हेही निभावून गेले.

पण मालमोटारींचा आकार वाढू लागला. इंजिने चार सिलिंडरांची, सहा सिलिंडरांची झाली; डिझेल आले; चाके उंच झाली. आजच्या जड मालमोटारीचे पुढचे चाक सुमारे एक मीटर व्यासाचे असते. त्यावर कमानपाटे, त्यावर सांगाडा, त्यावर इंजिन, अशी ही चळत चढत गेली. रेडिएटरचे झाकण माणसाच्या डोक्याच्या वर गेले. याचा अर्थ असा, की जे काम पूर्वी उभ्याने होई ते आता चढून करावयाचे झाले. आणि चढण्यासाठी गाडीवर पायरी कोणीच ठेवलेली नव्हती. मेस्त्रीने मग जे समोर दिसले त्याची पायरी केली. बंपर ही एक पायरी. टायर ही दुसरी. पण टायरचा माथा गोल, त्यावर ग्रीस आणि चिखल. चाकाच्या तबकडीचा कडा ही तिसरी, तीवर टाच मावत नाही. मडगार्डाचा पत्रा तर पाय ठेवताच दबतो. एका हाताने कशाला तरी धरावे तर पाना फिरविण्यास एकच हात उरतो, आणि दोन्ही हात कामाला लावावेत तर सगळा तोल पोटावर येतो. अशा स्थितीत एखादी गच्च बसलेली चाकी जोर लावता लावता एकाएकी सुटली, की तो सगळा जोर माणसालाच मागे फेकतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताना वाफेचा लोट आला, तर अंग आपसूक मागे जाते, आणि मागे तर काहीच नसते. पाच फुटांवरून पाठीवर पडणे ही ऐकावयास लहान गोष्ट. डांबरी रस्त्यावर ती लहान राहत नाही.

येथे कायदा या कथेत प्रवेश करतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांनी मालमोटारींच्या एकंदर लांबीवर मर्यादा घातल्या. लांबी मोजावयाची ती पुढच्या बंपरापासून शेवटच्या टोकापर्यंत. हेतू रस्ता सुरक्षित ठेवण्याचा, आणि तो चांगलाच होता. पण त्याचा हिशेब व्यापाऱ्याने निराळा मांडला. एकूण लांबी ठरलेली. मग नाकाचे जे चारपाच फूट जातात ते मालाचे फूट गेले. नाक कापले तर तेवढाच अधिक माल. म्हणून चालकाची केबिन उचलून थेट इंजिनाच्या डोक्यावर ठेवण्यात आली. गाडीची जी लांबी कमी झाली ती उंचीत गेली, कारण इंजिन तर कोठे जाणार नव्हते. समोरून सपाट भिंतीसारखी दिसणारी, चढण्यास घोड्यापेक्षा अवघड अशी ही उंच मालमोटार अशा रीतीने जन्मास आली.

आता मेस्त्रीची वाट केबिनमधून जाऊ लागली. दोन आसनांच्या मध्ये इंजिनाचा उंचवटा, त्यावर झाकण. हे झाकण काढून, आसनावर गुडघे टेकून, डोके खाली घालून आत काम करावयाचे. तापलेल्या इंजिनाची धग तोंडावर, अंग वळविण्यास जागा नाही, आणि जो भाग हवा तो नेमका हाताच्या पलीकडे चार अंगुळे. अंगाने लहानखुरा शिकाऊ पोऱ्या अशा ठिकाणी उपयोगी पडे हे खरे. पण त्या उपयोगाचे कौतुक करवत नाही. मोठी दुरुस्ती निघाली तर केबिनचे बोल्ट सोडून ती सबंधच साखळीच्या कप्पीने उचलावी लागे. एका दिवसाच्या कामाचे तीन दिवस होत. केनवर्थ या कंपनीने १९५० च्या दशकात केबिन इंजिनाच्या डोक्यावर न ठेवता त्याच्या एका अंगाला, एकट्या चालकापुरती, ठेवून पाहिली. इंजिन मोकळे झाले; पण चालकाशेजारी बसावयास दुसऱ्या माणसाला जागाच राहिली नाही. ही युक्ती फार चालली नाही यात नवल नाही.

खरा पालट १९४९ मध्ये झाला. अमेरिकेतील व्हाइट मोटर कंपनीने त्या वर्षी ‘३०००’ या नावाची मालमोटार आणली. तिची सबंध केबिन पुढच्या बाजूच्या बिजागऱ्यांवर, विजेच्या पंपाने उत्पन्न केलेल्या तेलाच्या दाबाने, पुढे कलंडत असे. कलणाऱ्या केबिनचे तुरळक प्रयत्न यापूर्वीही झाले होते. परंतु शहरोशहरी नित्य वापरात दिसणारी कलती केबिन म्हणजे ही. १९५८ मध्ये फ्रेटलायनर कंपनीने झोपण्याच्या जागेसह असलेली केबिन काटकोनात, म्हणजे नव्वद अंशांपर्यंत, पुढे झुकविली. दुरुस्तीशाळेत गाडी आली, की घर नमस्कार घातल्यासारखे पुढे वाकावे आणि इंजिन वरपासून खालपर्यंत उघडे व्हावे. मेस्त्री पुन्हा एकदा जमिनीवर उभा राहिला. अर्धशतकानंतर त्याचे पाय भुईला लागले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

युरोपात हीच गोष्ट थोड्या निराळ्या क्रमाने घडली. पश्चिम जर्मनीचे त्या काळचे वाहतूकमंत्री हान्स-क्रिस्टोफ झेबोम यांना मालवाहतूक रस्त्यावरून रेल्वेकडे वळवावयाची होती. त्यांच्या नियमांनुसार १९५८ पासून जोडगाडीसह मालमोटारीची लांबी चौदा मीटर व वजन चोवीस टन यांच्या आत असणे आवश्यक झाले. लांब नाकाच्या जर्मन मालमोटारींवर हा घाव मर्मी बसला. याच वर्षी मर्सिडीज-बेन्झने ‘एलपी ३३३’ ही दोन पुढचे आंस असलेली, नाक नसलेली मालमोटार काढली. तिच्या सहा चाकांमुळे लोक तिला गंमतीने सहस्रपाद किडा म्हणत. १९६० मध्ये हे नियम सैल करण्यात आले, तरी गेलेले नाक पूर्वीच्या दिमाखाने परतले नाही. या पहिल्या बिननाकी जर्मन गाड्यांच्या केबिना कलत नव्हत्या. इंजिनाची वाट आतूनच होती. स्वीडनच्या व्होल्व्होने १९६२ मध्ये कलत्या केबिनची मालमोटार बाजारात आणली. ब्रिटनमध्ये फोडेनने त्याच वर्षी. आणि १९६४ मध्ये लेलँड गटाने आपल्या अनेक गाड्यांसाठी एकच कलती केबिन वापरण्यास आरंभ केला. १९६८ मध्ये स्कॅनियाची ‘एलबी ११०’ आली. दहा वर्षांच्या आत ही रीत युरोपात सार्वत्रिक होण्याच्या मार्गास लागली.

येथे कथा संपावयास हवी होती. पण यंत्राच्या जगात एक संकट जाते ते दुसऱ्याला जागा करून देऊन. मेस्त्री वरून पडण्याचे भय कमी झाले; आता वरून त्याच्यावर काहीतरी पडण्याचे भय उत्पन्न झाले. मोठ्या, शयनाच्या सोयीच्या केबिनचे वजन टनाच्या घरात जाते. असा भार कललेल्या स्थितीत ज्या माणसाच्या डोक्यावर असतो, तो त्या वेळी दोन्ही हात इंजिनात घालून, मान खाली करून काम करीत असतो.

ही केबिन कशी कलते ते नीट पाहण्यासारखे आहे. प्रारंभी ती उचलावी लागते, आणि ते काम पंप करतो. लहान गाड्यांत पिळाच्या सळईचा ताण किंवा स्प्रिंगा माणसाच्या हाताला साह्य करतात. एका विशिष्ट कोनापर्यंत केबिनचे वजन तिला मागे, आपल्या जागी ओढीत असते. त्या कोनाच्या पलीकडे गेली, की तेच वजन तिला पुढे ओढू लागते. या दोन ओढींमधील क्षण तोलाचा, आणि म्हणूनच धोक्याचा. पंप, नळी किंवा दट्ट्याचे वायसर यांपैकी काहीही निकामी असेल, तर अर्धवट कललेली केबिन कोणत्या दिशेस जाईल याचा भरवसा नाही. म्हणून जाणता मेस्त्री अर्ध्यावर थांबलेल्या केबिनखाली कधी हात घालीत नाही. केबिन एक तर पूर्ण खाली, नाही तर शेवटपर्यंत पुढे. आणि शेवटपर्यंत नेल्यावरही तो तेलाच्या दाबावर विसंबत नाही. लोखंडी टेकू त्याच्या खाचेत बसवून खीळ अडकवितो. तेलाचा दाब नळी फुटताच पळभरात नाहीसा होतो. पोलादाचा टेकू तसा नाहीसा होत नाही. ज्या गाडीला कारखान्याने टेकू दिलेलाच नसेल, किंवा तो कोठेतरी हरवला असेल, तिच्या केबिनखाली बांबू वा पहार लावून काम करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. बांबू घोड्याच्या तबेल्याला चालतो, एका टनाला चालत नाही.

केबिन कलविण्यापूर्वीची तयारीही तिच्या इतिहासाचाच भाग होऊन बसली आहे. गाडी सपाट जागी असावी, हातब्रेक ओढलेला असावा, गिअर सुटा असावा, चाकांना उटी असावी. पुढे केबिनच्या उंचीएवढी मोकळी जागा असावी. भिंतीला तोंड लावून उभी केलेली गाडी कलविताना काचा फुटल्याची उदाहरणे थोडी नाहीत. दारे बंद असावीत, कारण उघडे दार आपल्याच वजनाने बिजागरीतून निसटते. आणि केबिनमधील सुटे सामान काढून घ्यावे. हा शेवटचा मुद्दा सांगावयास क्षुल्लक वाटतो. पण मालमोटारीची केबिन हे एक चालते घर आहे. पाण्याचा लोटा, जेवणाचा डबा, वळकटी, पान्यांची पेटी, गणपतीची किंवा सायबिणीची तसबीर, असे सारे त्या घरात असते. केबिन पुढे कलताच हा सगळा संसार समोरच्या काचेवर येऊन आदळतो. पान्यांच्या पेटीपुढे काच टिकत नाही, आणि काचेखाली त्या वेळी कोणी उभा नसेल असे सांगता येत नाही.

आपल्याकडे ही कलती केबिन फार उशिरा आली, आणि त्याचे कारण आपल्या मालमोटारीच्या जन्मकथेतच आहे. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेल्या, आखूड नाकाच्या लष्करी मालमोटारी हिंदी सैन्याच्या हाती मोठ्या संख्येने आल्या. जहाजात कमी जागा घ्यावी म्हणून त्यांचे नाक आखडलेले होते, आणि त्यांचे इंजिन निम्मे केबिनमध्ये घुसलेले होते. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो या नावांच्या मालमोटारी निघू लागल्या. टाटांनी १९५४ मध्ये डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी काढण्यास प्रारंभ केला. तिकडे मद्रासजवळ एण्णूर येथे १९५५ पासून अशोक लेलँड उभी राहिली. या गाड्यांना प्रथम लांब नाक होते, पुढे अर्धे इंजिन बाहेर व अर्धे आत असा मधला आकार आला.

परंतु यातील मुख्य गोष्ट अशी, की आपल्या देशात बहुतेक वेळा कारखाना विकीत असे तो नुसता सांगाडा, इंजिन आणि दर्शनी पत्रा. केबिन बांधावयाचे काम गावोगावच्या सुताराचे व लोहाराचे. सागवानाची चौकट, त्यावर पत्रा, आत फळ्या, बाहेर रंगीत वेलबुट्टी. भारतीय मालमोटारीला जे स्वतःचे असे रूप आले ते या सुतारांच्या हातून आले, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय द्यावयास हवे. पण अशी केबिन सांगाड्याला कायमची जखडलेली असे. ती कलण्याचा प्रश्नच नव्हता. चालक आणि क्लीनर यांच्या मधल्या इंजिनाच्या झाकणावर गोधडी घालून तिसरा माणूस बसे. थंडीच्या रात्री ती जागा सर्वांना हवी असे, वैशाखात कोणालाच नको असे. आणि इंजिन बिघडले, की त्या गोधडीपासून उकरणीस प्रारंभ होई. युरोप-अमेरिकेतील मेस्त्री जमिनीवर उतरून राहिला, त्यानंतरही तीस वर्षे आपला मेस्त्री बंपरवर आणि झाकणावर ओणवाच होता. ज्या काळी गोव्यात डिचोली-सांगे भागांत खनिजवाहू मालमोटारींची रीघ लागलेली असे, त्या काळी बंपरवरच्या त्या पायाखाली खाणीचा तांबडा चिखलही असे.

पालट झाला तो १९८० च्या दशकात, आणि तो मोठ्या गाड्यांकडून न होता लहान गाड्यांकडून झाला. त्या दशकात चार जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलक्या मालमोटारी येथे बनू लागल्या. त्यांपैकी दोन मराठी वाचकांच्या वस्तीच्या अगदी उंबरठ्यावर होत्या: इंदूरजवळ पीथमपूर येथे आयशरने मित्सुबिशीच्या सहकार्याने, आणि हैदराबादच्या ऑल्विनने निसानच्या सहकार्याने. या जपानी वळणाच्या गाड्यांची पोलादी केबिन कारखान्यातच तयार होई आणि एका माणसाच्या बळाने पुढे कले. इंदूरच्या किंवा हैदराबादच्या मेस्त्रीने ती प्रथम पाहिली तेव्हा त्याला केवढा हलकेपणा वाटला असेल, याची कल्पना करता येते. १९९८ मध्ये व्होल्व्होने बंगळूरजवळ होसकोटे येथे आपल्या जड मालमोटारी काढण्यास प्रारंभ केला. पंपाने कलणाऱ्या प्रचंड केबिना मग आपल्या महामार्गांवर नित्य दिसू लागल्या. त्यानंतरच्या वर्षांत देशी कारखान्यांनीही तोच मार्ग धरला. तरीही सुताराच्या हातच्या केबिनच्या जुन्या गाड्या खेडोपाडी बराच काळ चालत राहिल्या, आणि त्यांच्यासाठी बंपर हीच पायरी राहिली.

अमेरिकेत मात्र या इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. उंच, बिननाकी मालमोटारींवर चढता-उतरताना माणसे पडतात, याची दखल तेथील केंद्र सरकारने १९७९ मध्ये घेतली आणि पायऱ्या व हातकड्या यांविषयी नियम केले. १ सप्टेंबर १९८२ पासून बनणाऱ्या अशा गाड्यांना ते लागू झाले. चढणाऱ्या माणसाच्या चार अवयवांपैकी निदान तीन सदैव गाडीला टेकलेले राहतील अशी सोय हवी. म्हणजे दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय. पायरीने २०४ किलोचा आणि हातकडीने ११४ किलोचा भार सोसला पाहिजे. गोव्यातील माडावर चढणारा पाडेली हा तीन अवयवांचा नियम कोणी न शिकविता पाळीत आला आहे. सरकारी पुस्तकात तो यावयास मालमोटारीच्या जन्मापासून ऐंशीहून अधिक वर्षे लागली. आणि तरी हा नियम आहे केबिनमध्ये शिरणाऱ्यासाठी, तीतून उतरणाऱ्यासाठी व तिच्या मागे जाणाऱ्यासाठी. इंजिनाकडे चढणाऱ्याचा उल्लेख त्यात नाही.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. हे नियम लागू होऊन चार महिने होतात न होतात तोच, ६ जानेवारी १९८३ रोजी, १९८२ च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या वाहतूक कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली. त्याने राष्ट्रीय महामार्गांवर मालमोटारीच्या एकंदर लांबीवरचे राज्यांचे निर्बंध उठविले. लांबी मोजावयाची ती मागच्या जोडगाडीची. ज्या कारणासाठी नाक कापले होते ते कारणच उरले नाही. चालकांना नाकाची गाडी आवडतच होती. ती चालवावयास शांत, आणि चालकापुढे काहीतरी असल्याचा धीर देणारी. पुढील वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेच्या लांब पल्ल्याच्या रस्त्यांवरून बिननाकी मालमोटार जवळजवळ नाहीशी झाली. उंच गाडीसाठी पायऱ्यांचा नियम झाला आणि उंच गाडीच निघून गेली.

पण परत आलेले नाक जुने नाक नव्हते. फायबरग्लासचे एकसंध, मडगार्डांसकट पुढे कलणारे हे बॉनेट माणसाहून उंच आहे. ते उघडले की चाक आणि इंजिन यांच्यामध्ये उभे राहण्यास जागा मिळते, आणि खालचे भाग हाताशी येतात. वरचे मात्र येत नाहीत. त्यामुळे तेथील मेस्त्रीही फिरून टायरवर चढू लागला, जसा आपल्या घाटातला चढतो. यावर आता बाजारात निरनिराळ्या युक्त्या मिळतात: टायरच्या माथ्यावर अडकवावयाची, खाचखळग्यांच्या पत्र्याची सपाट पायरी, चाकांवर फिरणारी रुंद घडवंची, आणि शिडीला जोडलेली एक गादीची फळी, जीवर मेस्त्री पालथा पडून, छाती टेकून, दोन्ही हात मोकळे ठेवून इंजिनाच्या वर काम करू शकतो. या वस्तूंत नवे शास्त्र काही नाही. सुताराकडे एक दिवस बसले तर आपल्याकडेही रुंद पायाची, न डळमळणारी घडवंची कोणत्याही दुरुस्तीशाळेला करून घेता येईल; खर्च एखाद्या टायरएवढाही नव्हे.

उतरण्याकडे तर चढण्याइतकेही लक्ष दिले जात नाही. काम झाले, हात पुसले, आणि मेस्त्री वा चालक वरून सरळ उडी मारतो. याचे मोजमाप झालेले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की केबिनच्या उंचीवरून उडी घेतली तर जमिनीचा आघात काही वेळा शरीराच्या वजनाच्या बारा पटींपर्यंत जातो. पायऱ्या व हातकड्या धरून उतरल्यास तो दुपटीच्या आसपास राहतो. गुडघा आणि कंबर यांना हा हिशेब रोज द्यावा लागतो, आणि वय वाढले की तो व्याजासह मागितला जातो. म्हणून गाडीकडे तोंड करून, जसे चढले तसेच, मागे पाऊल टाकीत उतरावे. विहिरीच्या पायऱ्या उतरताना म्हातारी माणसे हेच करतात.

दुरुस्ती आटोपल्यावर केबिन परत बसविण्याचे काम राहते. टेकूची खीळ काढली जाते, इंजिनावर विसरलेला पाना वा फडके नाही ना हे पाहिले जाते, खाली कोणी नाही याची खात्री करून पंपाचा खटका फिरविला जातो. केबिन सावकाश मागे येते, शेवटची वीतभर जागा आपल्याच वजनाने घेते, आणि दोन्ही बाजूंचे खटके बसतात. जाणता मेस्त्री दोन्ही आवाज ऐकल्याखेरीज तेथून हलत नाही; एकच खटका बसलेली केबिन पहिल्या जोराच्या ब्रेकाला पुढे येते. मग तो केबिनच्या मागच्या कडेला हात लावून ती एकदा वर ओढून पाहतो. ती हलत नाही असे दिसले, की चालक आपला लोटा, डबा आणि तसबीर आणून जागच्या जागी ठेवतो.